लेकराला ग्राफिक्स टॅबलेट घेऊन द्यायचा का? पैसे घालण्याआधी एवढं वाचा

हिंगोली : मोबाइलवर चित्र काढण्याचे व्हिडिओ आता गावोगाव बघितले जातात. टेबलावर एक काळी पाटी, हातात पेन, आणि दोन मिनिटांत स्क्रीनवर छत्रपती शिवाजी महाराज नाहीतर विठोबा उभा. मग घरात मागणी सुरू होते, 'मला पण तसला टॅबलेट पाहिजे.' आई-बापाला ही वस्तू काय आहे, केवढ्याला येते, तिचा पुढं उपयोग काय, यातलं काहीच ठाऊक नसतं.

वस्तू चांगली आहे. पण नवीन माणसाची गाडी अडते ती पहिल्या पंधरा दिवसांत. कागदावर सरळ येणारी रेघ पाटीवर वाकडी येते. लेकराला वाटतं आपल्याला जमत नाही, बापाला वाटतं पैसे पाण्यात गेले, आणि पाटी माळ्यावर जाऊन पडते. रेघ वाकडी का येते आणि ती किती दिवसांत सरळ होते, हे आधीच माहीत असलं तर ही वेळ येत नाही. त्यासाठी हा लेख.

ही वस्तू नेमकी काय आहे?

नावात टॅबलेट असलं तरी हा शाळेत वाटतात तसला मोठ्या मोबाइलसारखा टॅब नाही. याचे साधारण दोन प्रकार येतात.

पहिला प्रकार म्हणजे साधी पाटी. तिला स्वतःची स्क्रीन नसते. वहीएवढा काळा सपाट फळा आणि सोबत एक पेन. ती वायरनं कॉम्प्युटरला, लॅपटॉपला किंवा मोबाइलला जोडायची. पेन पाटीवर फिरतं आणि चित्र समोरच्या स्क्रीनवर उमटतं. लहान आकाराची पाटी ढोबळमानानं अडीच ते साडेतीन हजारांत येते, म्हणजे सोयाबीनच्या बियाण्याच्या एका बॅगेच्या आसपास. मध्यम आकाराची साडेचार ते सहा हजारांच्या घरात जाते.

दुसऱ्या प्रकारात पाटीलाच स्क्रीन असते. जिथं पेन टेकतं तिथंच चित्र दिसतं. काम सोपं होतं, पण किंमत पंधरा-वीस हजारांच्या पुढं जाते आणि बहुतेकांना कॉम्प्युटर लागतोच. नवशिक्यानं याच्या नादी लागू नये. खाली जे सांगितलंय ते सगळं पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

पेनात बॅटरी नाही, मग चालतं कसं?

पाटीच्या आत बारीक तारांची जाळी असते. त्या जाळीतून चुंबकीय लहरी निघतात. पेनाच्या आत तारेचं छोटं वेटोळं असतं. पेन पाटीच्या जवळ आलं की त्या वेटोळ्याला लहरींमधूनच ऊर्जा मिळते आणि ते उलट खूण पाठवतं. त्या खुणेवरून पेन कुठं आहे आणि किती दाबलंय, हे पाटीला कळतं. मोबाइल वायर न लावता चार्ज होतो, त्याच्याच जवळपासची ही गोष्ट. १९८३ साली स्थापन झालेल्या जपानच्या वॅकॉम कंपनीनं असं बिनतारेचं, बिनबॅटरीचं पेन बाजारात रुळवलं. आता हुइऑन, एक्सपी-पेन, गाओमॉन अशा कंपन्यांच्या स्वस्त पाट्याही मिळतात.

यातून तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, पेन टेकवायच्या आधी साधारण एक सेंटिमीटर वर असतानाच स्क्रीनवर बाण हलायला लागतो. तो बिघाड नाही. दोन, हाताचा तळवा पाटीवर टेकला तरी रेघ उठत नाही, त्यामुळं हात बिनधास्त टेकवा. तीन, एका कंपनीचं पेन दुसऱ्या कंपनीच्या पाटीवर चालेलच असं नाही. बहुतेक वेळा चालत नाही. पेन हरवलं तर त्याच मॉडेलचं मागवावं लागतं, म्हणून ते जपा.

रेघ वाकडी का येते?

कागदावर चित्र काढताना डोळा आणि हात एकाच जागी असतात. पेन्सिलीचं टोक दिसतं आणि रेघही तिथंच दिसते. पाटीवर हात खाली टेबलावर असतो आणि नजर समोर स्क्रीनवर. बैलगाडी हाकणारा माणूस पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसून ट्रॉली मागं घेतो, तेव्हा त्याचं जे होतं, तेच इथं होतं. हात एकीकडं वळवायचा आणि वस्तू दुसरीकडं वळताना बघायची. डोक्याला ही जोडणी नवीन असते, आणि ती सरावानंच बसते.

दुसरं कारण मापाचं. पाटीचा एक कोपरा म्हणजे स्क्रीनचा तोच कोपरा. पाटी सहा इंच रुंद असेल आणि स्क्रीन पंधरा इंच, तर हात एक इंच हलला की रेघ अडीच इंच जाते. हाताचा बारीकसा थरथराट स्क्रीनवर मोठा दिसतो.

तिसरं कारण पाटीचा गुळगुळीतपणा. कागद पेन्सिलीला थोडा धरतो, पाटी धरत नाही, पेन घसरतं. काही जण पाटीवर साधा कागद चिकटपट्टीनं लावून त्यावर काढतात. लहरी कागदातून जातात, त्यामुळं काम चालतं. फक्त पेनाचं प्लास्टिकचं टोक, म्हणजे निब, लवकर झिजतं. पाटीच्या डब्यात जादा निब येतात, त्या फेकू नका.

सांगायचं एवढंच की पहिल्या आठवड्यातली वाकडी रेघ म्हणजे कला नसल्याचा पुरावा नाही. रोज अर्धा तास हात फिरवला तर दोन-तीन आठवड्यांत नजर वर ठेवून हात चालवायची सवय लागते. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास जास्त कामाचा.

घेण्याआधी एक महिना फुकट करून बघा

आवड खरी आहे की व्हिडिओ बघून आलेली लहर आहे, हे पैसे न घालता कळू शकतं.

एक साधी वही घ्या. रोज समोरच्या एका वस्तूचं चित्र पेन्सिलीनं काढायचं. तांब्या, कंदील, चप्पल, सूप, काहीही. सोबत मोबाइलवर आयबिस पेंट किंवा स्केचबुक यातलं एक ॲप घ्या. दोन्ही फुकट वापरता येतात. आयबिसमध्ये जाहिराती येतात, नेट बंद करून काम केलं की त्यांचा त्रास कमी होतो. बोटानं काढा, किंवा शंभर-दोनशे रुपयांचं रबरी टोकाचं पेन घ्या. त्या पेनाला दाब कळत नाही, म्हणजे जोरात दाबलं तरी रेघ जाड होत नाही. पण लेअर काय, ब्रश काय, रंग कसा भरायचा, हे सगळं त्यावर शिकता येतं.

महिन्याच्या शेवटी वहीत वीस-पंचवीस चित्रं झाली असतील आणि लेकरू कोणी न सांगता बसत असेल, तर पाटीचा विचार करा. पाच चित्रांत वही बंद पडली असेल तर पाटीनंही फरक पडणार नाही.

घ्यायचीच ठरलं तर काय बघायचं?

आकार : पाटीच्या बाहेरच्या मापाला फसू नका. पेन चालतं ती जागा किती, ते बघा. साधारण सहा बाय चार इंच जागा सुरुवातीला पुरते. त्याहून लहान घेतली तर हात आखडतो.

दाबाचे टप्पे : डब्यावर ४०९६, ८१९२ असे आकडे असतात. पेन हलकं ते जोरात दाबण्यात पाटी किती फरक ओळखते, ते हे आकडे सांगतात. नवशिक्याला यातला फरक हाताला जाणवत नाही. मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे घालू नका.

मोबाइलला चालते का : घरात कॉम्प्युटर नसेल तर हे आधी बघा. पाटीच्या माहितीत अँड्रॉइड लिहिलेलं हवं, आणि फोनला ओटीजीची सोय हवी. तुमच्या फोनचं मॉडेल चालतं का, हे विकणाऱ्याला विचारून घ्या.

कॉम्प्युटर : पाटीला भारी मशीन लागत नाही. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही शिकता येतं, फक्त मोठी फाईल घेतली की तो अडखळतो. ८ जीबी असेल तर निवांत चालतं.

ऑनलाइन मागवली तर डबा उघडताना व्हिडिओ काढा. परत करायची मुदत किती दिवसांची ते आधी वाचा आणि त्या मुदतीतच पाटी जोडून तपासा.

जोडल्यावर येणाऱ्या अडचणी

पाटी जोडली पण दाब कळत नाही, रेघ सगळीकडं सारखीच जाड येते : कंपनीच्या वेबसाइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाका. आधी दुसऱ्या पाटीचा ड्रायव्हर असेल तर तो काढून टाका, दोन ड्रायव्हर एकमेकांत भांडतात. तरी जमलं नाही तर ड्रायव्हरमधलं 'विंडोज इंक' चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू करून बघा. बऱ्याचदा गाठ तिथंच असते.

गोल काढला की अंडाकार येतो : पाटीची आणि स्क्रीनची लांबी-रुंदी वेगळ्या प्रमाणात आहे. ड्रायव्हरमध्ये प्रमाण सारखं ठेवायचा पर्याय असतो, तो निवडा. हे आधी केलं नाही तर हाताला चुकीची सवय लागते.

मोबाइलवर पाटीचा अर्धाच भाग चालतो : बऱ्याच पाट्यांचं मोबाइलवर असंच असतं. फोनची स्क्रीन उभी आणि पाटी आडवी, म्हणून पाटीचा ठरावीक भागच वापरात येतो. काही फोनवर बाणही दिसत नाही. बिघाड समजून परत पाठवण्याआधी सोबतचं माहितीपत्रक वाचा.

फोनवर मध्येच बंद पडते : काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि वापर थांबला की ते आपोआप बंद होतं. परत चालू करायचं.

डावखुरं लेकरू असेल तर ड्रायव्हरमध्ये डाव्या हाताचा पर्याय असतो. तो निवडून पाटी उलटी फिरवायची.

लाइट जाणं ही आपली नेहमीची गोष्ट. साध्या कॉम्प्युटरवर काम करत असाल तर दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह होईल असं सेटिंग करा, आणि मध्ये मध्ये कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावा. तीन तासांचं चित्र एका झटक्यात जातं.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही

कॉम्प्युटरवर क्रिता नावाचं सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे. जगभरातली माणसं मिळून ते बनवतात, त्याला वर्गणी नाही. डाऊनलोड एकदाच करायचं, त्यासाठी चांगलं नेट लागेल. नंतर नेट नसलं तरी चालतं. बाजारात कोणी 'क्रॅक' केलेलं महागडं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर देत असेल तर नको म्हणा. त्यातून व्हायरस येतो आणि ज्या कॉम्प्युटरवर घरातले बँकेचे व्यवहार होतात तोच धोक्यात येतो.

पहिले चार आठवडे : रोज अर्धा तास

पहिला आठवडा : चित्र काढायचंच नाही. माउस बाजूला ठेवून सगळं काम पेनानं करायचं. फाईल उघडणं, बंद करणं, गाणं लावणं, सगळं. त्यानंतर दोन ठिपके काढून ते एका झटक्यात रेघेनं जोडायचे. रोज पन्नास रेघा, पन्नास गोल. मनगट नाही, कोपरापासून हात हलवायचा. रेघ ओढण्याआधी पेन हवेत दोन वेळा त्या वाटेनं फिरवून घ्या. रेघेला आधार देणारं स्टॅबिलायझर सेटिंग असतं, ते थोडंसंच ठेवा. जास्त ठेवलं तर रेघ छान दिसते, पण हात तयार होत नाही.

दुसरा आठवडा : खोका, नळकांडं, गोळा, शंकू. जगातली बहुतेक वस्तू याच चार आकारांतून उभी राहते. घागर म्हणजे गोळा आणि वर छोटं नळकांडं. ट्रॅक्टर म्हणजे तीन-चार खोके आणि चार चकत्या.

तिसरा आठवडा : लेअर शिका. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. खालच्या कागदावर कच्चं चित्र, वरच्यावर पक्की रेघ, मधल्यावर रंग. एक बिघडला तर तेवढाच पुसायचा. वहीतलं आपलं पेन्सिलचं चित्र घ्या, मोबाइलनं सरळ वरून फोटो काढा, तो तळाच्या लेअरवर टाकून फिका करा आणि वरच्या लेअरवर पेनानं गिरवा. स्वतःचं चित्र गिरवण्यात काही वावगं नाही. कागदावरचा हात पाटीवर आणायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

चौथा आठवडा : सावली. उजेड कुठून येतो ते आधी ठरवा, एकाच बाजूनं. मग एकाच रंगाच्या तीन छटा घ्या : उजेडातली, मधली, अंधारातली. सावलीसाठी नुसता काळा रंग वापरला की चित्र मळकट दिसतं. आपल्या भागातला लाल कंधारी बैल बघा. त्याच्या पोटाखालची सावली काळी नसते, गडद तपकिरी-लाल असते.

एक सवय टाळा. कंट्रोल आणि झेड दाबलं की शेवटची रेघ पुसली जाते. ही सोय चांगली, पण प्रत्येक रेघ दहादा पुसत बसलं तर अर्ध्या तासात एक डोळासुद्धा पुरा होत नाही. सरावाच्या वेळी पुसायचंच नाही, असं ठरवून घ्या.

अर्ध्या-पाऊण तासानं उठा, मनगट फिरवा, लांब बघा. मान आणि मनगट दुखायला लागलं तर टेबल-खुर्चीची उंची बघा. जमिनीवर पालथं पडून काढू नये.

काढायचं काय? जे समोर आहे ते

जपानी कार्टून बघून तेच काढण्यात सुरुवातीला मजा येते. पण हात तयार होतो तो समोरच्या वस्तूनं. आपल्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. औंढा नागनाथच्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर शिल्पांच्या रांगा आहेत. हत्ती, माणसं, देवता, उन्हात पडलेल्या सावल्यांसह. सकाळी आणि दुपारी एकाच मूर्तीवरची सावली कशी बदलते, एवढं बघितलं तरी एका महिन्याचा अभ्यास होतो. नर्सीला, संत नामदेवांच्या जन्मगावी, वारीत येणारी माणसं आहेत : पटके, पताका, टाळ, थकलेले पाय.

शेतातलं बघायचं तर हळदीचं पान घ्या. मधली शीर जाड, तिच्यातून बारीक शिरा तिरप्या निघून कडेला जातात. नुसता हिरवा रंग फासून ते पान होत नाही. ओल्या कांडीचा तोडलेला भाग आणि वाळून पॉलिश केलेली हळद, दोन्ही पिवळेच, पण एक रंग दुसऱ्याला चालत नाही. हे ज्याला शेतात राहून माहीत आहे, त्याची नजर शहरातल्या पोरापेक्षा इथं पुढं आहे.

यातून काम मिळतं का?

खरं बोलायचं तर पाटी घेतली आणि पैसे सुरू झाले, असं होत नाही. पण तालुक्याच्या गावात काम आहे.

पूर्वी दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरची नावं, निवडणुकीच्या भिंती पेंटर रंगवायचे. फ्लेक्स आलं आणि त्यांच्या हातचं काम गेलं. आता फ्लेक्सच्या दुकानात तेच ठरावीक फोटो आणि तीच अक्षरं फिरत असतात. त्यात भर म्हणून एआयनं बनवलेली चित्रं आलीत. मिनिटात तयार होतात, पण अनेकदा जोडाक्षरं चुकतात, बैलाची शिंगं भलत्याच देशातली येतात आणि सगळ्या बायका एकाच सिनेमातल्या दिसतात. वाढदिवसाच्या स्वस्त बॅनरला ते चालून जातं. पण आपल्या दुकानाचं नाव वेगळ्या अक्षरात हवं असेल, बचत गटाच्या पापडाला किंवा शेतकरी कंपनीच्या हळदीला स्वतःचं लेबल हवं असेल, तर हातानं काढणारा माणूस लागतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पाकिटात भरून विकणारेही वाढत आहेत. असं लेबल करताना वजन, किंमत, तारीख, एफएसएसएआय नंबर हा मजकूर ग्राहकाकडून लिहूनच घ्या. मानांकनाचं नाव आणि चिन्ह कोणी वापरायचं याचे नियम आहेत, ते ग्राहकाला आधी विचारा.

कामाच्या दृष्टीनं चार तांत्रिक गोष्टी :

• कागदावर छापायचं चित्र ए-फोर आकारात २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं ठेवा, म्हणजे इंचाला ३०० ठिपके पडतात. फ्लेक्स लांबून बघतात, त्याला इंचाला ७२ ठिपके चालून जातात. दहा बाय सहा फुटाला ते ८६४० बाय ५१८४ पिक्सेल होतं.

• स्क्रीनवर झगझगीत दिसणारा भगवा आणि हिरवा छापल्यावर थोडा बसतो. स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, छपाई चार शाईंनी होते. म्हणून आधी छोटा तुकडा छापून बघा.

• व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून पाठवू नका, त्याचा दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

• गुगलवरून उचललेलं चित्र लेबलवर लावू नका. ते कोणाचं तरी असतं आणि तक्रार आली तर ग्राहक तुमच्याकडं बोट दाखवतो.

अक्षराचं काम छोटं समजू नका. विंडोजच्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप केलं की 'मंगल' हा फॉन्ट अनेकांनी बघितला असेल. सरकारी कार्यालयातले कितीतरी कागद त्यात निघाले. तो फॉन्ट करणारे रघुनाथ कृष्ण जोशी हे आधी हातानं सुलेखन करणारे कलावंत. पुढं त्यांनी आयआयटी मुंबईत शिकवलं आणि भारतीय लिपी कॉम्प्युटरवर आणण्याचं काम केलं. ज्या माणसाचा हात आधी कागदावर पक्का होता, त्याचंच अक्षर कॉम्प्युटरवरही टिकलं.

परीक्षा मात्र कागदावरच

हे पालकांनी नीट समजून घ्यावं. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा कागदावर, पेन्सिल आणि रंगांनीच द्यायच्या असतात. त्यात वस्तूचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असे विषय येतात. त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात. किती मिळतात आणि फॉर्म कधी निघतो, ते शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना विचारा. शाळेत कलाशिक्षक नसतील तर शेजारच्या केंद्रशाळेत चौकशी करा.

बारावीनंतर चित्रकलेची पदवी घ्यायची तर राज्याची कला शाखेची सीईटी असते. शासकीय कला महाविद्यालयं मुंबईत, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. हिंगोलीच्या पोरांना त्यातलं छत्रपती संभाजीनगर जवळचं. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालेलं. तिथं जायचं तर पाटीवर किती सफाई आहे, हे आधी कोणी विचारत नाही. समोरची वस्तू बघून हातानं काढता येते का, हे बघतात. म्हणून पाटी आली तरी वही बंद करू नका.

फसवणुकीपासून सावध

चित्रकलेच्या नावावर दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एकात म्हणतात, 'तुमचं चित्र विकत घेतो, आधी नोंदणी फी भरा.' दुसऱ्यात म्हणतात, 'कोर्स करा, घरबसल्या कमाईची हमी.' काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही, एवढा एक नियम धरून ठेवा. लेकराचं चित्र 'खूप आवडलं' म्हणून लिंक, ओटीपी किंवा क्यूआर कोड पाठवला तर हात लावू नका. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा, जेवढा लवकर कराल तेवढी रक्कम अडवायची शक्यता जास्त.

शिकण्यासाठी महागडा कोर्स लागत नाही. यूट्यूबवर मराठी आणि हिंदीत पुष्कळ फुकट आहे. मात्र एकच शिकवणारा धरून त्याचे धडे ओळीनं करा. दहा जणांचे दहा व्हिडिओ बघत बसलं तर बघण्यातच महिना जातो.

थोडक्यात

• आधी वही आणि मोबाइल ॲप, एक महिना. वीस-पंचवीस चित्रं झाली तरच पाटी.

• साधी, स्क्रीन नसलेली, सहा बाय चार इंच जागेची पाटी सुरुवातीला पुरते.

• पहिले दोन-तीन आठवडे रेघ वाकडी येणार. लेकराला बोलू नका, पाटी माळ्यावर टाकू नका.

• प्रमाण आणि दाब या दोन सेटिंग पहिल्याच दिवशी तपासा, परत करायची मुदत जाण्याआधी.

• रोज अर्धा तास, समोरची वस्तू बघून.

• रेखाकला परीक्षेचा आणि सीईटीचा सराव कागदावरच.

• कामासाठी कोणालाही आधी पैसे देऊ नका. फसवणूक झाली तर १९३०.